निकाल पावसात लागतो

९ जुलै २०२४ च्या दुपारी मडुरे आणि पेडणे या दोन स्थानकांमधल्या बोगद्यात रुळांवर चिखलपाणी आलं. मडुरे हे सिंधुदुर्गातल्या आमच्या बांद्याशेजारचं स्थानक, कोकण रेल्वेचं महाराष्ट्रातलं शेवटचं. पुढे गोवा. गाड्या थांबल्या, रात्री सुरू झाल्या, उत्तररात्री पुन्हा पाणी आलं, आणि मार्ग मोकळा व्हायला दुसऱ्या दिवशीची रात्र झाली. त्याआधी चार वर्षं, ६ ऑगस्ट २०२० रोजी, याच बोगद्याची भिंत ढासळली होती आणि कित्येक आठवडे लांब पल्ल्याच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या होत्या. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात हा बोगदा खणला जात होता तेव्हा आतली माती पुन्हा पुन्हा कोसळली, पाणी भरलं. जवळजवळ सगळी लाईन तयार होऊन या एका तुकड्यासाठी खोळंबली होती.

एकाच डोंगराने एकच गोष्ट तीनदा सांगितली. ती ऐकणारी माणसं मात्र दर वेळी वेगळी होती. बांधकामातून माणसं शिकतात याबद्दल मला शंका नाही. पण शिकतं नेमकं कोण? गवंडी, त्याची टोळी, ठेकेदार, की खातं? आणि शिकलेलं राहतं कुठे? मी या प्रश्नावर जगभर लिहिलं गेलेलं थोडंबहुत वाचलं आहे. ते सगळं मला बांद्याच्या पंचक्रोशीत ठेवून बघायचं आहे, कारण इथे बांधकामाची परीक्षा दर वर्षी जूनमध्ये होते.

सुरुवात जांभ्याच्या चिऱ्यापासून करायला हवी. जांभ्याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस ब्यूकाननने १८०७ मध्ये दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून, आणि तेही मलबारातला दगड बघून. आपल्याकडचा पाथरवट त्याच्या कितीतरी आधीपासून हा दगड ओळखून होता. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. कोणता चिरा जोत्याला, कोणता आतल्या भिंतीला, कोणता टाकून द्यायचा, हे गवंडी तो हातात घेतल्यावर सांगतो. वजनावरून, ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून, मातीच्या शिरांवरून. त्याला विचारलं की कसं कळलं, तर त्याला सांगता येत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ च्या आपल्या छोट्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं : माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून त्याला जास्त कळत असतं. शब्दाबाहेरचं ज्ञान.

असं ज्ञान शब्दांनी देता येत नसेल तर ते पोचतं कसं? नवा पोरगा कामावर येतो तेव्हा त्याला कोणी शिकवायला बसत नाही. तो चिरे वाहतो, माल कालवतो, पाणी मारतो. काही महिन्यांनी सूत धरायला मिळतं. मग एखाद्या दिवशी मिस्त्री जेवायला जाताना थापी त्याच्या हातात देतो, आणि परत येऊन काही न बोलता ओळंबा लावतो. त्या ओळंब्यापुढे जे काही व्हायचं ते होतं. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये लायबेरियातल्या शिंप्यांपासून मेक्सिकोतल्या सुइणींपर्यंतची उदाहरणं घेऊन हीच पद्धत समजावली. नवखा माणूस कामाच्या काठावरून सुरुवात करतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. काठावरची कामं त्याला हलकी म्हणून मिळतात असं नाही. तिथून त्याला सगळं काम दिसतं, हे महत्त्वाचं.

आमच्याकडच्या जुन्या गवंड्याला आणखी एक गोष्ट मिळत असे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. तो ज्या गावात घर बांधायचा त्याच गावात राहायचा. भिंतीला ओल आली तर मालक वाटेत गाठून सांगायचा. नवं घर पुरं झालं की कामाबद्दल विचारलेल्या माणसाला जुना मिस्त्री म्हणायचा, "एक पावस जावंदे, मगे सांगतंय." पश्चिमेच्या भिंतीवर झड कशी येते, पागोळ्या कुठे पडतात, जोत्याशी पाणी कुठे तुंबतं, हे तो पुढची कित्येक वर्षं येता-जाता बघत राहायचा. खाली उतरलेलं छप्पर आणि पावसाआधी पश्चिमेला बांधलेली झापं हे कोणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. पावसाने दिलेले निकाल पिढ्यानपिढ्या वाचून ते जमलेलं आहे.

मग सिमेंट आलं, आणि जे झालं ते सिंधुदुर्गातल्या कुठल्याही रस्त्याने जाताना दिसतं. सपाट स्लॅब, आणि स्लॅबच्या वर लोखंडी सांगाडा उभारून घातलेले पत्रे. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट स्लॅब गळतो, हे प्रत्येक घरमालकाने एकेकदा स्वतःच्या खर्चाने शिकून घेतलं. आता तर पत्र्याचा खर्च आधीच धरून स्लॅब टाकला जातो. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शोन यांनी १९७८ मध्ये संस्थांच्या शिकण्याचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात चूक दिसली की ती दुरुस्त करायची. दुसऱ्यात ती चूक ज्या ठरावातून आली तो ठरावच पुन्हा तपासायचा. पत्रे घालणं हा पहिला प्रकार. इथे सपाट स्लॅब हवाच का, हे विचारणं दुसरा. पहिलं शिक्षण आमच्या जिल्ह्यात घरोघर झालं आहे, दुसरं अजून बाकी आहे. याचं कारण सरळ आहे : गळणारा स्लॅब मालकाच्या डोक्यावर असतो आणि तो टाकणारी टोळी तोवर तिसऱ्या गावात गेलेली असते.

टोळीचंही एक शास्त्र आहे. टी. पी. राइट या अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यातले आकडे मांडून दाखवलं की उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागची मेहनत ठरावीक प्रमाणात उतरते, सुमारे ऐंशी टक्क्यांवर येते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने १९६५ मध्ये बांधकामासाठी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच टोळीने एकसारखं काम पुन्हा पुन्हा केलं तर वेळ कमी लागतो, आणि मध्ये खंड पडला की कमावलेलं काही अंशी हरवतं. कोकणात हा खंड वर्षातून एकदा ठरलेलाच. जूनमध्ये उघड्यावरची कामं थांबतात. कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली माणसं गावी जातात. दिवाळीच्या आसपास काम उघडतं तेव्हा अर्धे चेहरे नवे असतात. म्हणजे ज्या पावसाने निकाल द्यायचा, तोच पाऊस परीक्षा दिलेल्या टोळीला पांगवून टाकतो. परदेशी अभ्यासात मला हे कुठे भेटलं नाही, पण आमच्याकडे प्रश्नाचा गाभा हाच आहे.

बांधकामाचं शिकणं कारखान्यापेक्षा अवघड का, यावर अभ्यासकांचं बहुतेक एकमत आहे. प्रत्येक जागा वेगळी, प्रत्येक वेळी माणसांचा गट नव्याने जमलेला, डोकं एका कंपनीचं आणि हात दुसऱ्या ठेकेदाराचे, आणि काम संपलं की सगळं विसर्जित. ब्रिटनमध्ये १९९४ चा लॅथम अहवाल आणि १९९८ चा ईगन अहवाल यांनी ही फुटाफूट हाच रोग ठरवला आणि एकाच चमूकडे लागोपाठ कामं द्यावीत असं सुचवलं. आपल्या निविदांच्या पद्धतीत दर वेळी सगळ्यात कमी दराचा नवा माणूस येतो. मागच्या कामात शिकलेल्याला त्या शिकण्याचे गुण कुठेच मिळत नाहीत.

यावर आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारातूनच धावतं. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग देशाला अर्पण झाला. सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, नव्वदहून अधिक बोगदे. हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. कामाची रचना मला जास्त महत्त्वाची वाटते. मार्गाचे सात भाग केले होते : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येक भागाला स्वतंत्र मुख्य अभियंता आणि जागेवर निर्णय घेण्याची मुभा. कुडाळच्या माणसाला मुंबईच्या पत्राची वाट बघावी लागत नव्हती.

कठीण खडकातले बोगदे लवकर हातात आले. स्वीडनहून आणलेली यंत्रं भोकं पाडायची, सुरुंग उडायचा, मलबा निघायचा आणि पुन्हा तेच. राइटच्या नियमाला शोभेल असं काम : फेरी तीच, टोळी तीच, दर आठवड्याला हात सफाईदार. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूलही त्याच धाटणीचा. एका टोकाला तुकडा ओतायचा, पुढे ढकलायचा, त्यामागे दुसरा ओतायचा. ही पद्धत भारतात तिथे पहिल्यांदा वापरली गेली, म्हणजे तिचा गुरू गावात कोणी नव्हता. पहिल्या तुकड्याने दुसऱ्याला शिकवलं.

पण मऊ मातीचे नऊ बोगदे होते, आणि तिथे हे सगळं शिक्षण उपयोगाला आलं नाही. यंत्र आत घालणं शक्य नव्हतं. माणसांनी हाताने खणायचं, खणलेलं लगेच आधार देऊन धरायचं, तरीही वरून चिखल यायचा आणि केलेलं सगळं पुन्हा करावं लागायचं. या नऊ बोगद्यांना चार वर्षं लागली आणि १९ माणसांचे जीव गेले. पेडण्याचा बोगदा यांतलाच. मृदाशास्त्रातले थोर अभियंता राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात अशा जमिनीसाठी एक शिस्त सांगितली होती : सगळं आधी कळणार नाही हे कबूल करा, वाईटात वाईट काय होईल ते आधी लिहून ठेवा, काम चालू असताना मोजत राहा आणि मोजमाप बदललं की आराखडा बदला. ऐकायला सोपं आहे. पण त्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस "हे हललंय" असं वेळेत म्हणू शकला पाहिजे, आणि वरच्याने काम थांबवायला तयार असलं पाहिजे.

हे म्हणू शकणं हीच खरी गोम आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयातले परिचारिकांचे गट तपासले. चांगल्या गटांत चुका कमी असतील असा तिचा अंदाज होता. दिसलं उलट : चांगल्या गटांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे चूक सांगायला भीती वाटत नव्हती. आता आपली साईट डोळ्यांसमोर आणा. रोजंदारीवरचा माणूस, मराठी तोडकीमोडकी, मुकादमाच्या शब्दावर उद्याचं काम. सळ्यांवर काँक्रीटचं कव्हर कमी पडलंय हे त्याला दिसतं. तो बोलेल? मी अनेक कामांवर उभा राहिलो आहे, आणि माझं उत्तर आहे, क्वचित. त्याला कमी कळतं म्हणून तो गप्प राहत नाही. बोललेल्याचं काय होतं हे त्याने पाहिलेलं असतं.

कोकण रेल्वेचं वेगळेपण मात्र लाईन पुरी झाल्यानंतर दिसलं. हे महामंडळ बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा या तत्त्वावर उभं राहिलं होतं. म्हणजे ज्याने डोंगर कापला त्यालाच त्या कापातून गाडी न्यायची होती. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ ला, रायगडात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. या दोन पावसाळ्यांनी संस्थेला जे शिकवलं ते आज वेळापत्रकात छापलेलं असतं. पावसाळ्यासाठी वेगळं, कमी वेगाचं वेळापत्रक. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा चालकांना हुकूम. डोंगरकापांचे उतार कमी करणं, जाळ्या बसवणं, ठरावीक स्थानकांवर पर्जन्यमापक, सावित्री आणि वाशिष्ठीसारख्या नद्यांच्या पुलांवर पाण्याच्या पातळीचा इशारा देणारी यंत्रणा, आणि धोक्याच्या जागी चोवीस तास गस्त. प्रवाशाला मुंबईहून येताना तास-दीड तास जादा लागतो तेव्हा तो वैतागतो. त्या तासात २००३ ची रात्र साठवलेली आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

हीच संस्था पुढे जम्मू-काश्मीरमध्ये गेली. ६ जून २०२५ रोजी उद्घाटन झालेला, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल ज्या टप्प्यात येतो, त्याची जबाबदारी कोकण रेल्वेकडे होती. माणसं टिकली तर शिकलेलं सह्याद्रीतून हिमालयापर्यंत जातं. आणि तरी पेडण्याच्या बोगद्यात २०२० आणि २०२४ घडलंच. मी याला विसरभोळेपणा म्हणणार नाही. अशा जमिनीत शिकणं कधी पुरं होत नाही, आणि बोगदा जुना होतो तसे प्रश्नही बदलतात.

रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. बांद्यावरून जाणारा मुंबई–गोवा महामार्ग अनेक तुकड्यांत, अनेक ठेकेदारांकडून, अनेक वर्षं होत राहिला. झाराप ते पत्रादेवी हा आमचा तुकडा इतर तुकड्यांच्या आधी चौपदरी झाला. त्यातून जे कळलं ते पुढच्या तुकड्यांच्या लोकांपर्यंत पोचवणारी कुठली वाट होती, असं मला आजवर दिसलेलं नाही. जुलै २०२० मध्ये कणकवलीत उड्डाणपुलाच्या जोडरस्त्याची भिंत पावसात कोसळली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला उभारणी चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. चिपळूणला नंतर आराखडाच बदलून खांबांमधलं अंतर कमी केलं गेलं. हे आर्गिरिस आणि शोन यांच्या दुसऱ्या प्रकारचं शिकणं, आणि त्याला दाद द्यायला हवी. ते शिकणं चिपळूणपुरतं राहतं की कागदावर उतरून पुढच्या निविदेच्या अटींत जातं, एवढंच बघायचं आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या आणि त्यांतली माणसं घेऊन. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. निकड असली की आपण किती वेगाने आणि एकजुटीने काम करू शकतो, हे त्या १६५ दिवसांनी दाखवलं. जुना पूल मात्र त्याआधी कित्येक वर्षं दर पावसात काहीतरी सांगत असणार, आणि ते ऐकणं ही कोणा एकाची रोजची जबाबदारी नव्हती.

खाऱ्या हवेचा धडा तर आपल्याला चांगलाच महाग पडला आहे. ५ जुलै १९८६ रोजी, बांधून जेमतेम दीड दशक झालेला पणजीचा मांडवी पूल कोसळला. पोलादाला लागलेला गंज हे कारण पुढे आलं. बांद्याहून ती जागा गाडीने तासाभरावर. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणला राजकोटावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला, तेव्हाही गंजलेले नट-बोल्ट चर्चेत आले. त्याच किनाऱ्यावर समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याची पायाभरणी झाली आणि पायात शिसं ओतलं गेलं. समुद्राच्या पाण्यात लोखंडाचं काय होतं आणि शिशाचं काय, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. हे ज्ञान मालवणात होतं, पणजीतही होतं. ते कामाच्या जागी, कामाच्या दिवशी, निर्णय घेणाऱ्याच्या हाताशी नव्हतं. पुतळा पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो पडल्याची बातमी ऐकली तेव्हाचं सांगत नाही.

उपाय म्हणून जगात बरंच काही चाललं आहे. मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो तो ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी रुजवलेला आठवड्याच्या बैठकीचा मार्ग. पुढच्या आठवड्यात काय करणार ते वरच्या इंजिनिअरने सांगायचं नाही, काम करवून घेणाऱ्या शेवटच्या माणसाने सांगायचं. आठवडा संपला की ठरलेलं किती झालं आणि उरलेलं का झालं नाही, हे मोजायचं. त्यांना सुरुवातीला आढळलं की ठरलेल्यांतली जेमतेम निम्मी कामं त्या आठवड्यात होतात. कारणं लिहिली की त्यांतली बरीच मजुरांच्या आळसाची नसतात : साहित्य आलं नाही, नकाशा मिळाला नाही, आधीच्या टोळीने जागा सोडली नाही. बांद्यातल्या दोन खोल्यांच्या कामावरही हे करता येईल. एक वही, एक पेन्सिल, शनिवारची मजुरी वाटायची वेळ.

सरकारी बाजूला कौशल्याची प्रमाणपत्रं आली आहेत, आधीपासून काम येणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोयही आली आहे. त्यातून गवंड्याला मान मिळत असेल तर चांगलंच. पण हा दाखला एकट्या माणसाचा असतो. टोळी एकत्र टिकावी, पावसानंतर तीच माणसं परत यावीत, आणि मागच्या कामाची ओल त्यांना दाखवली जावी, याची सोय त्यात नाही. ठेकेदारावर दोषनिवारणाची मुदत असते, काही रस्त्यांच्या करारांत पंधरा वर्षं देखभालीची जबाबदारीही असते. त्या मुदतीत दुरुस्तीला माणसं येतात. मूळ काम केलेली माणसं येत नाहीत.

पावसाळ्यात रात्री मडुऱ्याच्या बाजूला रुळांवर लांब एक बॅटरी हलताना दिसते. गस्तीचा माणूस असतो, रेनकोट, हातात काठी, गळ्यात शिटी. या मार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना रेल्वेच्या नोकरीत प्राधान्य होतं, त्यामुळे ज्या डोंगरावर तो नजर ठेवतो तिथे कदाचित त्याच्या आज्याची काजूची झाडं होती. ठरलेल्या हद्दीपर्यंत तो चालत जातो. पलीकडून दुसरा येतो. दोघे आपापल्या गस्तीच्या वह्या अदलाबदल करतात, म्हणजे स्टेशन मास्तरला कळावं की दोघेही खरोखर तिथवर गेले होते. वही देताना पहिला दुसऱ्याला सांगतो की कापाच्या वरच्या अंगाला काल नव्हती ती ओल आज आहे, जाताना वर बॅटरी मार. दुसरा मान हलवतो आणि अंधारात पुढे निघतो.